एका कुत्र्याची चार नावं

सोमवारी दुपारी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं, म्हणून मायानं जुने एक्स-रे कॉम्प्युटरवर नीट लावायला घेतले. डॉक्टर सत्यजीतचा हा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना शिरूरच्या बाजारपेठेपासून थोडा बाजूला होता. माया तिथं सहा वर्षं होती. एक्स-रे काढायचे, रक्त घ्यायचं, तपासायचं, रिपोर्ट टाइप करायचे. रोज सकाळी कारेगावहून स्कूटीवर यायची. नवरा नागसेन कंपनीत शिफ्टला जायचा. एकूण बरं चाललं होतं. हात चांगला होता तिचा. चावऱ्या कुत्र्याचीसुद्धा शीर तिला एका सुईत सापडायची.

ती बघत होती ते फोटो मच्छिंद्रशेठच्या कुत्र्यांचे होते. कवठे येमाईच्या शिवारात मच्छिंद्रनं कुत्र्यांची पैदास मांडली होती, जर्मन शेफर्ड. पिल्लं पार नाशिक-सोलापूरपर्यंत जायची. अलीकडं गिऱ्हाईक शहाणं झालं होतं. या जातीच्या कुत्र्यांचे मागचे खुबे पुष्कळदा कच्चे निघतात, आणि ते आईबापाकडून पिल्लांत उतरतं. म्हणून नर-मादी लावण्याआधी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढायचा आणि पक्के असले तरच वीण घ्यायची, अशी रीत आहे. लोक हे मोबाईलवर वाचून यायचे आणि आईबापाचा रिपोर्ट मागायचे. मग मच्छिंद्र दोन-तीन महिन्यांतून एक कुत्रं गाडीत घालून आणायचा. भूल द्यायची, उताणं निजवायचं, मागचे पाय ताणून सरळ धरायचे, फोटो काढायचा. नाव मच्छिंद्र सांगायचा आणि माया टाइप करायची.

रॉकीच्या फोटोत डाव्या मांडीजवळ एक पांढरा ठिपका होता. छर्रा होता तो. वानरं हाकलायला लोक छऱ्याची बंदूक ठेवतात, त्यातला एखादा लागला असेल. एका बाजूनं चेपलेला, तुरीच्या डाळीएवढा. मायानं तो पाहिला आणि पुढचा फोटो उघडला. सुलतानचा. त्यातही छर्रा होता, त्याच जागी, तसाच चेपलेला. ब्रूनोच्या फोटोतही तोच. तिनं चौथा फोटो उघडला. ‘राणी, मादी, वय दोन वर्षं, खुबे उत्तम.’ छर्रा होताच. आणि दोन पायांच्या मधोमध नराच्या लिंगात असतं ते हाड स्वच्छ दिसत होतं.

ती स्क्रीनकडं बघत राहिली. मादीच्या फोटोत नराचं हाड. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरीनंही ओळखलं असतं. आणि खाली तिनं स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं, मादी. त्याच्या खाली डॉक्टरांची सही.

तिच्या तोंडात आंबट पाणी आलं.  टेबलावर उताणा पडलेला, जीभ बाहेर आलेला, भूल दिलेला कुत्रा तिनं चार वेळा दोन्ही हातांनी धरला होता. एकदाही त्याच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं.

चार वाजता सत्यजीत आला. मायानं चारही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून ठेवले होते.

“सर, हे चारही एकच कुत्रं आहे.”

त्यानं बघितलं, पण फार वेळ नाही. माया फोटोंकडं नाही, त्याच्याकडं बघत होती, आणि तिला कळून चुकलं की याला यात नवीन काही नाही.

“राणीचा घोळ झालाय खरा,” तो म्हणाला. “तो काढून टाक. दुसरा लावू.”

“दुसरा म्हणजे कुणाचा?”

“माया, समोर जे कुत्रं येतं त्याचा आपण फोटो काढतो. नाव मालक सांगतो. आपण काय जनावराचं आधार कार्ड बघायचं का?”

“कातडीखाली चिप असते ना सर. वाचायचं मशीन आहे आपल्याकडं.”

“मग वाच की. उद्या जायचंच आहे तुला तिकडं.” त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि बोलणं तिथंच संपवलं.

जायचं होतं ते वेगळ्या कामाला. दौंडचे साहेबराव म्हणून एक गृहस्थ होते, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची मादी बिजली माजावर आली होती आणि तिला मच्छिंद्रच्या सुलतानला लावायचं ठरत होतं. साहेबरावांनी बिजलीच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, आणि आता ते नराच्या मागत होते. खुब्यांचा रिपोर्ट मच्छिंद्रनं दाखवला होता. राहिली होती ब्रुसेलाची रक्ततपासणी. हा रोग कुत्र्यांना एकमेकांपासून लागतो, लावल्यावर तर लागतोच. मादी भरत आलेली पिल्लं टाकते, नराचे वृषण सुजतात. औषधानं धड बरा होत नाही. आणि माणसालाही होऊ शकतो. सत्यजीतनं मायाला सांगितलं, जातेच आहेस तर शेडमधल्या सगळ्या मोठ्या कुत्र्यांचं रक्त घे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तो असं का म्हणाला हे तिला नंतर कळलं. सगळ्यांचं रक्त हाताशी असलं की त्यातलं एखादं चांगलं निघणारच होतं.

मंगळवारी सकाळी माया कवठ्याला गेली. मच्छिंद्रचं घर बांधीव होतं, दोन मजली, दारात पेव्हर ब्लॉक टाकलेले. कुत्री मागं होती, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. स्कूटी उभी करायच्या आधीच वास आला. सहा वर्षं कुत्र्यांत काढलेल्या बाईला कुत्र्याच्या वासाचं काही वाटत नाही. हा वास वेगळा होता. मुताचा झोंबणारा वास, त्यात फिनेल ओतलेलं, आणि त्या दोन्हींच्या खालून काहीतरी गोडसर, कुजकं. तिनं ओढणी नाकावर घेतली आणि मग तिची तिलाच लाज वाटून खाली केली.

मच्छिंद्र पांढऱ्या शर्टात बाहेर आला. “या मॅडम. चहा घेणार?”

“आधी काम उरकते.”

आत दोन्ही बाजूंनी जाळीचे खण होते. कोंबड्यांसाठी केलेले, त्यात कुत्री. वळायलाही जागा नव्हती. ज्या मादीला पिल्लं होती तिची आचळं जमिनीला घासून लाल झाली होती. एक मादी एकाच जागी गोल गोल फिरत होती. माया आल्यावरही ती थांबली नाही, जाळीकडं बघितलंही नाही. तिच्या पायाखाली फिरून फिरून चिखलाचं रिंगण पडलं होतं. माणूस आत आलं की कुत्री भुंकतात. इथली निम्मी भुंकलीच नाहीत.

मायानं चिप वाचायचं मशीन एकेकाच्या मानेवरून फिरवलं. एकावरही ते वाजलं नाही. मग ती रक्त घ्यायला लागली. प्रत्येक नळीला तिनं पट्टी लावून आकडा टाकला, आणि नळी कुत्र्याच्या तोंडाजवळ धरून मोबाईलवर फोटो काढला.

“फोटो कशाला?” मच्छिंद्रनं विचारलं.

“आकडे चुकू नयेत म्हणून.”

सुलतान शेवटच्या खणात होता. देखणा, रुंद छातीचा. पण बाहेर काढल्यावर तो चार पायांनी चालेना. मागचे दोन पाय एकदम उचलून, खुबे कच्चे असलेली कुत्री चालतात तसा, सशासारखी उडी मारत आला. त्याच्या मागच्या पायांत एक वृषण लिंबाएवढं आणि दुसरं संत्र्याएवढं सुजलेलं, आणि चाटून चाटून तिथली कातडी गेलेली. त्या ओल्या लाल जागेवर माश्या बसल्या होत्या. माया वाकली तसा तो कण्हला. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, शीर शोधली आणि काम केलं.

“ह्याला किती माद्या लावल्या या वर्षी?”

“मोजतंय कोण,” मच्छिंद्र हसला. “जोर हाय गड्यात.”

तेवढ्यात कोपऱ्यातून एक काळं-तांबडं कुत्रं शेपूट हलवत आलं. मोकळंच होतं, राखणीचं. कान उभे, पण तोंड निमुळतं आणि पाय बारीक, म्हणजे शेफर्ड आणि गावठीची भेसळ. मायानं त्याच्या डाव्या मांडीवरून बोटं फिरवली. कातडीखाली टणक गोळी लागली. त्याला वाटलं लाड चाललेत, तो अंगाला अंग घासायला लागला.

“ह्याचं नाव काय?”

“त्याला कसलं नाव? काळू म्हनत्यात.”

तिनं काळूचंही रक्त घेतलं. मच्छिंद्रच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लाज नाही, भीती नाही. तिला त्या गुळगुळीत दाढी केलेल्या चेहऱ्याची इतकी शिसारी आली, की तिनं नळीवर आकडा दोनदा टाकला.

शेडच्या मागच्या दारातून मच्छिंद्रची बायको ज्ञानेश्वरी आत आली. भर उन्हात तिनं स्वेटर घातला होता. तोंड उतरलेलं, कपाळाला घाम. हातात लोखंडी घमेलं होतं आणि त्यात चार पिल्लं. केस न आलेली, जांभळी, पातळ कातडीची. एकाचं पोट फुटलं होतं. घमेल्याच्या तळाशी हिरवट काळं पाणी साठलं होतं आणि ते तिच्या उघड्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

“राणीनं टाकली,” ती मच्छिंद्रला म्हणाली. “तिसरी बारी.”

“फेक तिकडं.”

“कुठं फेकता?” मायानं विचारलं.

ज्ञानेश्वरीनं तिच्याकडं बघितलं. “फेकावी लागत न्हाईत ताई. बाकीची खात्यात.”

 माया जाळीला धरून उभी राहिली. गोडसर वास कसला होता ते आता तिला कळलं, आणि कळल्यावर तो घशात बसला.

“ताई, खाली ठेवा ते. हात धुवा आधी, साबणानं. ह्यातनं रोग पसरतो. हे जाळायला नाहीतर चुना टाकून खोल पुरायला पाहिजे. कुणीतरी खड्डा काढा.”

मच्छिंद्रनं घमेल्याकडं बघितलं, मग मायाकडं. अगदी गोड आवाजात म्हणाला, “तुमीच घिऊन जावा की मॅडम, जाता जाता. तुमच्याकडची जुनी मंडळी हेच तर करायची. तुमाला काय त्याची किळस.”

 मायाचा आजा म्हाळू कोरेगाव भीमाजवळच्या वस्तीत राहायचा. धर्मांतरानंतर पाटलाचा बैल मेला तेव्हा तो ओढायला गेला नाही. घरी बसून राहिला. वस्तीचं पाणी तोडलं, रानातलं काम बंद केलं, तरी गेला नाही. बैल तीन दिवस पाटलाच्या दारात फुगत राहिला. माया हे लहानपणापासून ऐकत आली होती, आजी सोजरबाई ते सांगताना हसायची. मच्छिंद्रला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला फक्त तिचं आडनाव माहीत होतं.

“तुमच्या शेडमध्ये मेलंय, मच्छिंद्रशेठ,” माया म्हणाली. “तुम्ही उचला.”

तो हसून बाहेर निघून गेला. मायानं नवे हातमोजे चढवले, बॅगेतून जाड पिशवी काढली आणि त्यातलं एक पिल्लू लॅबसाठी उचलून पिशवीत घातलं. ते तिचं काम होतं आणि ती ते तिच्या मर्जीनं करत होती.  उरलेली तीन ज्ञानेश्वरीनं आणि तिनं मिळून बांधाकडेला पुरली. ज्ञानेश्वरीला खोरं धरवत नव्हतं. दर चार घावांनी ती कमरेवर हात ठेवून थांबायची.

“किती दिवस झाले ताप?”

“दिवाळीपास्नं येतो-जातो. सांजचा चढतो. सांधं तर असं दुखत्यात, कुणी बडवल्यागत. टायफाइड म्हनले, गोळ्या दिल्या. मंग परत.” ती म्हणाली आणि कडेच्या हौदावर हात धुवायला गेली. त्याच हौदातून कुत्र्यांना पाणी जात होतं.

दुपारी दवाखान्यात मायानं अकरा नळ्या तपासल्या. किटवर एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर रोग. आठ किटांवर दोन रेघा उमटल्या. सुलतानच्या किटवर दुसरी रेघ इतकी गडद आली की पंधरा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. काळूच्या किटवर एकच होती.

सत्यजीतनं दार लावून घेतलं.

“किटवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही,” तो म्हणाला.

“मग पिल्लासकट सगळं मोठ्या लॅबला पाठवू. आणि तोवर साहेबरावांना थांबा म्हणून सांगू.”

“मादी बुधवारी-गुरुवारी लावावी लागेल, नाहीतर माज जाईल. मच्छिंद्रनं त्यांना शब्द दिलाय.” त्यानं काळूचं किट उचललं, उजेडात धरलं. “ह्याचा फोटो काढ आणि सुलतानच्या रिपोर्टला लाव.”

त्यानं हे जितक्या सहज सांगितलं, तेवढ्या सहजपणे तो तिला चहा सांगायचा. मायाला त्याचे हात दिसले, स्वच्छ, नखं कापलेली. आपण या माणसाला सहा वर्षं ‘सर’ म्हणत आलो याचा तिला वीट आला.

“मी नाही लावणार.”

“ठीक आहे. मी लावतो.”

आणि त्यानं लावला. संध्याकाळी दवाखान्याच्या मोबाईलवरून गेलेला रिपोर्ट तिनं उघडून बघितला. सुलतान, ब्रुसेला नाही, प्रजननास योग्य. खाली छापील ओळ होती, ‘नमुना घेणार व तपासणार’, आणि पुढं तिचं नाव. ते तिथं नेहमीच असायचं. निघताना तिनं नळ्या आणि पिल्लाची पिशवी बर्फाच्या डब्यात घालून सोबत घेतली.

घरी गेल्यावर तिनं दोनदा अंघोळ केली. नागसेननं ताट वाढलं, ती भाताकडं बघत बसली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं तिच्यापुढचं ताट झाकून ठेवलं.

“दौंडला जाऊन ये,” तो म्हणाला. “फोनवर नको. समोर जाऊन सांग.”

बुधवारी सकाळी तिनं दवाखान्यात सुट्टी सांगितली आणि एसटी धरली. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी गाडी. दौंड स्टेशनच्या पलीकडं साहेबरावांचं घर होतं, पुढं लहानसं अंगण. बिजली अंगणात बसली होती, अंगावरचे केस विंचरलेले. साहेबराव प्रवासाच्या तयारीत होते. दारात पाण्याची कॅन, कुत्रीचा पट्टा, चादर.

मायानं उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. सुलतानचं रक्त, दोन रेघा, काळूचं किट, चार फोटोंमधला एकच छर्रा. मोबाईलवरचे फोटो एकामागून एक दाखवले. साहेबरावांनी चष्मा लावला, सगळं बघितलं, घरात जाऊन फाईल आणली. त्यांचं सगळं फाईलला होतं, तारखेवार, भोकं पाडून लावलेलं. त्यांनी कालचा रिपोर्ट काढून तिच्यापुढं धरला.

“हे नाव तुमचं ना?”

“हो काका. पण हा रिपोर्ट मी केला नाही.”

“आणि हे?” त्यांनी पान उलटलं. रॉकीच्या खुब्यांचा रिपोर्ट होता, गेल्या वर्षीचा.

मायानं खालची टाइप केलेली ओळ वाचली. मग म्हणाली, “हा मी टाइप केला.”

साहेबरावांनी आतल्या बाजूला हाक मारली. त्यांची सून सुरेखा एका कुत्र्याला कमरेखाली टॉवेल घालून, मागचं अंग उचलून धरत बाहेर घेऊन आली. दहा महिन्यांचं असेल. पुढचे पाय दणकट, मागचे वाळलेले, एकमेकांत अडकणारे. सुरेखानं टॉवेल सोडला तसं ते बसलं नाही, कोसळलं, आणि फरशीवरून अंग ओढत मायाकडं यायला लागलं. मागं मुताची ओली रेघ उमटत गेली.

“रॉकीचं पिल्लू,” साहेबराव म्हणाले. “मच्छिंद्राकडनं मीच आणलं, तुमच्या दवाखान्याचा कागद बघून. आनि आळीत अजून दोघांना घ्यायला लावली. त्यातलं एक गेलं. नशीब म्हनलो. रिपोर्ट चांगला व्हता, मंग दुसरं काय म्हननार?”

ते तिला रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. नुसते बघत राहिले, पायाला काही लागल्यावर चप्पल उलटी करून बघावं तसे. मायाला ते सहन होईना, पण तिनं मान खाली घातली नाही.

“आता तुमचं आजचं बोलणं खरं कशावरनं?” त्यांनी विचारलं.

“नळ्या माझ्याकडं आहेत. आकडे आणि फोटो आहेत. पिल्लू बर्फात आहे. तुम्ही म्हणाल त्या लॅबला पाठवा. आणि तक्रार करणार असाल तर मी लिहून देते. माझ्या नावासकट.”

साहेबरावांनी पाण्याची कॅन उचलून आत नेली. बिजलीचा पट्टा खुंटीला अडकवला. मग टेबलावर कोरा कागद आणून ठेवला. चहाचं त्यांनी विचारलं नाही. मायानं तिथंच बसून तीन पानं लिहिली. तो कुत्रा सगळा वेळ तिच्या पायाशी पडून तिच्या सॅंडलचा पट्टा चाटत होता.

तक्रार पशुसंवर्धन खात्यात गेली. मायाला सत्यजीतनं त्याच आठवड्यात घरी बसायला सांगितलं. पंधरा दिवसांनी लॅबचा अहवाल आला, पिल्लातही रोग निघाला. त्यानंतर डॉक्टर शितल नावाच्या अधिकारी बाई दोन माणसं घेऊन कवठ्याला गेल्या. ओळख पटवायला मायाला बोलावलं होतं.

मच्छिंद्रला आधीच कुणकुण लागली होती. शेड धुतलेलं, चुना मारलेला. निम्मी कुत्री दिसत नव्हती. त्यानं प्लॅस्टिकच्या फाईलमधून सगळे रिपोर्ट काढून दाखवले आणि दारात बांधलेल्या कुत्र्याकडं बोट केलं.

“हा सुलतान. रिपोर्ट हाय, बघा. ह्या बाईला नोकरीवरनं काढलं, त्या रागानं हे चाललंय.”

बांधलेला कुत्रा काळू होता. आंघोळ घातलेला, गळ्यात नवा पट्टा. मायाला बघून त्यानं शेपूट हलवलं. अधिकारी बाईंनी मायाकडं बघितलं. माया बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात घराच्या पायरीवरून ज्ञानेश्वरीचा आवाज आला. ती शाल पांघरून बसली होती, उठलीसुद्धा नाही.

“तो सुलतान न्हाई.”

“तू आत जा,” मच्छिंद्र म्हणाला.

“तो काळू हाय. सुलतान न् बाकीची कांद्याच्या चाळीत घातल्यात, ताडपत्रीखाली. काल सांजच्याला मीच हाकून नेली.” ती बाईंकडं बघत बोलत होती, नवऱ्याकडं नाही. “राणी त्यातच हाय. चला, दावते.”

मच्छिंद्रनं तिचा दंड धरला. ती झटकून मोकळी झाली आणि भिंतीला हात लावत लावत पुढं चालायला लागली. बाई, माया आणि दोघं माणसं तिच्या मागं. ताडपत्री वर केली तशी आतून वाफ बाहेर आली. त्या वाफेत शितल मॅडमबरोबरचा एक माणूस बाजूला जाऊन ओकला. सहा कुत्री होती. त्यातली तीन उठलीच नाहीत.

दुपारी माया ज्ञानेश्वरीला स्कूटीवर बसवून शिरूरच्या दवाखान्यात घेऊन गेली, माणसांच्या. तिथल्या डॉक्टरना तिनं लॅबचा अहवाल दाखवला. ते म्हणाले, कुत्र्याकडून लागणारा हा प्रकार साध्या तपासणीत सापडत नाही, रक्त पुण्याला पाठवावं लागेल. दोघी बाकावर बसून राहिल्या. ज्ञानेश्वरीच्या अंगाची धग मायाला शेजारी बसून लागत होती.

“ताई,” ज्ञानेश्वरी म्हणाली, “त्या दिशी माज्या हातावर ते व्हतं, तवा तुमाला माजी किळस आली व्हती का?”

मायाला नाही म्हणता आलं असतं. “आली होती,” ती म्हणाली.

“मला लगीन झाल्यापास्नं येत व्हती. जेवाय बसलं की हात तोंडाजवळ न्यावासा वाटायचा न्हाई. चमच्यानं खायची मी, सासू म्हनायची लई शहरी झाली.” तिनं शाल घट्ट केली. “त्यांना कदीच कशी आली न्हाई, ह्याचंच नवल वाटतं.”

ज्ञानेश्वरीच्या रक्तात रोग सापडला. सहा आठवड्यांच्या गोळ्या झाल्या, ताप थांबला, सांधे अजून धरतात. ती माहेरी राहते. सुलतान आणि इतर नरांची खच्चीकरणं झाली, आजारी कुत्री वेगळी ठेवलीत. मच्छिंद्रवर खटला आहे, तारखा पडताहेत. सत्यजीतला नोटीस आली. दवाखाना चालू आहे, गर्दी थोडी कमी झाली, इतकंच. साहेबरावांनी बिजलीला लावलंच नाही. मायाला त्यांचा एकदाच फोन आला, दौंडचं ते पिल्लू आता चाकांच्या गाडीवर फिरतं हे सांगायला. बाकी काही बोलले नाहीत.

माया आता एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. मच्छिंद्रनं पिल्लं कुणाकुणाला विकली त्याची धड यादी कुणाकडं नव्हती, पण अधिकाऱ्यांना सापडलेल्या त्याच्या मोबाईलमधून सत्तरेक नंबर निघाले, ते शितल मॅडमनी तिला दिले. कामावरून आली की ती दोन-तीन फोन लावते. नाव सांगते, ‘तुमच्या पिल्लाच्या बापाचा रिपोर्ट मी टाइप केला होता, तो खोटा होता’ असं पहिल्याच वाक्यात सांगते, आणि पिल्लाला चालायला त्रास होतोय का, घरात कुणाला ताप येतो का, ते विचारते. काही लोक ऐकून घेतात. बरेच शिव्या देतात. ती शिव्या संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवते, मग तोच प्रश्न परत विचारते.